काळ्या मातीतील हरिणे

अमेरिकेहून परत आलेल्या मराठी माणसाने काय सांगावे, याचे एक शास्त्रच आता तयार झाले आहे. नायगाऱ्याचे तुषार अंगावर घेतल्याचे त्याने सांगावे, न्यूयॉर्कच्या इमारतींकडे पाहताना मान मोडल्याचे सांगावे, रस्त्यावर कागदाचा कपटाही दिसत नाही याबद्दल हळहळावे आणि शेवटी 'पण आपले ते आपलेच' असे म्हणून ऐकणाऱ्याची सुटका करावी. माझी अडचण अशी की यांतले मी काहीच पाहिले नाही. माझा धाकटा भाऊ दक्षिणेकडील अलाबामा राज्यात, माँटगोमेरी शहराजवळ, मोटारींच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. त्याच्याकडे मी एका हिवाळ्यात सहा आठवडे राहिलो आणि भेटेल त्याला एकच प्रश्न विचारीत हिंडलो : तुमच्याकडे हरिणाची चांगली शिकार कोठे मिळते?

मराठीचा प्राध्यापक हरिणांची चौकशी करतो आहे हे पाहून भावजयीला प्रथम वाटले की, दादा शाकुंतलावर काही लिहीत असावेत. तसे पाहिले तर हरिण हा माझ्या धंद्यातलाच प्राणी. कांचनमृग, मृगजळ, मृगनयना आणि कण्वाच्या आश्रमातले ते भाग्यवान पाडस यांच्यावर माझे कुटुंब पोसले जाते म्हटले तरी चालेल. पण यवतमाळकडे आमची थोडी कोरडवाहू शेती आहे आणि तेथे या प्राण्याचे नाव कोणी इतक्या कौतुकाने घेत नाही. हरभऱ्याला घाटे धरू लागले की रात्री रोही येतात, काळवीट येतात, रानडुकरे येतात. (रोही हे काही खरे हरिण नव्हे, पण पीक खाताना तो हा भेद पाळीत नाही.) वडिलांनी आयुष्यातले कितीतरी हिवाळे माळ्यावर जागल करण्यात घालविले. डबा बडवावा, आरोळी द्यावी, फटाका उडवावा. याहून अधिक काही करण्याची सोय नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली आणि ती व्हायलाच हवी होती, याबद्दल वडिलांचीही तक्रार नव्हती. त्यांची तक्रार एवढीच की, सरकारचे हरिण आमच्या खर्चाने का जेवते?

तेव्हा ज्या मुलखात शेतकरी हरिणांची वाट पाहतो तो मुलूख मला पाहावयाचा होता.

हा प्रश्न अलाबामात विचारणे म्हणजे रत्नागिरीत जाऊन 'चांगला आंबा कोणाच्या बागेत?' असे विचारण्यासारखे आहे. उत्तर प्रत्येकाजवळ असते आणि नेमकी जागा कोणीही सांगत नाही. पेट्रोल पंपावरचा मुलगा, भावाच्या कारखान्यातला फोरमन, दात काढणारा डॉक्टर, सगळे तासतासभर बोलत; मात्र 'ते झाड कोठे आहे?' असे विचारले की हवेबद्दल बोलू लागत.

तेथले हरिण म्हणजे पांढऱ्या शेपटीचे हरिण. आपल्या चितळासारखे अंगावर ठिपके नसतात. ते फक्त पाडसाला. रंग हिवाळ्यात करडा-तपकिरी. नराची शिंगे दरवर्षी गळतात आणि दरवर्षी नवी येतात. भ्याले की शेपटी उभी करते. तिची खालची बाजू पांढरीशुभ्र, त्यामुळे झाडीत रुमाल हलवून कोणी निरोप घेत असल्याचा भास होतो. शिकाऱ्याला बहुधा हा निरोपच पाहावयास मिळतो.

आज तेथे हा प्राणी इतका आहे की रात्री मोटार चालविणाऱ्याला त्याचीच धास्ती. पण विसाव्या शतकाच्या आरंभी तो जवळजवळ संपला होता. सबंध अमेरिकेत मिळून पाच लाखही हरिणे उरली नसावीत असा अंदाज आहे; आज तीच संख्या तीन कोटींच्या आसपास सांगतात. बाजारात मांस आणि कातडी विकण्यासाठी माणसांनी ती वर्षभर, दिवसा आणि दिवे लावून रात्री मारली होती. १९०० साली बेकायदा मारलेली शिकार एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेऊन विकण्यावर केंद्र सरकारने बंदी घातली. राज्यांनीही कायदे केले. रानातल्या हरिणाचे मांस आजही तेथे विकता येत नाही. खावे, वाटावे किंवा दान करावे. १९३७ च्या एका कायद्याने बंदुका-काडतुसांवरील कराचा पैसा वन्यप्राण्यांच्या कामाकडे वळविला. लांब बंदुकांवर आणि काडतुसांवर तो कर आज अकरा टक्के आहे. म्हणजे हरिण मारणाऱ्यानेच हरिणाच्या बारशाचा खर्च करावयाचा! पुढे जनावरांच्या जखमेत अंडी घालणारी आणि नवजात पाडसाची नाळ सडविणारी एक माशी १९५० नंतरच्या दशकात त्या भागातून नाहीशी करण्यात आली, आणि हरिणांचा वंश फोफावला.

पण जेथे बीजच उरले नव्हते तेथे हरिणे आली कोठून? ती बाहेरून आणून सोडली. काही अलाबामातल्याच क्लार्क काउंटीतून पकडून नेली. उत्तरेकडच्या डोंगरात, बँकहेड नावाच्या राष्ट्रीय वनात, १९२० नंतरच्या काळात थेट मिशिगनहून आणली. याचा परिणाम मोठा गमतीचा झाला आहे. अलाबामात बहुतेक ठिकाणी हरिणांचा माजाचा काळ जानेवारीत येतो. बँकहेडच्या रानात मात्र तो नोव्हेंबरात, मिशिगनच्या पंचांगाप्रमाणे येतो. शंभर वर्षे होत आली तरी या मंडळींनी गावाकडची तिथी सोडलेली नाही. हे ऐकून मला भावाच्या महाराष्ट्र मंडळाची आठवण झाली. ते दिवाळीचा कार्यक्रम सभागृह रिकामे असेल त्या शनिवारी करतात.

म्हणून शिकाऱ्याला मिळणारे पहिले उत्तर असे : नोव्हेंबरात रजा असेल तर बँकहेडला जा, जानेवारीत असेल तर दक्षिणेकडे उतर. माजावर आलेला नर एरवीचे शहाणपण विसरून भर दिवसा हिंडतो. या बाबतीत संस्कृत कवींनी माणसाचे जे वर्णन केले आहे तेच त्याला लागू पडते.

दुसरे उत्तर झाडांचे आहे. शरदात पांढऱ्या ओकाची फळे पडतात ती जागा शोधा. तांबड्या ओकाचे फळ अधिक तुरट, ते हरिण मागाहून खाते. (आपल्याकडे ओक हे आडनाव असल्याने हे वाक्य मी घरी दोनदा म्हणून दाखविले.) दुसरे आवडते फळ पर्सिमनचे. ते झाड पाहिले आणि परक्या मुलखात आतेबहीण भेटावी तसे झाले. आमच्या रानातली टेंभुर्णी, जिच्या पानांच्या विड्या होतात, तिच्याच कुळातले ते झाड. तेच गोल पिवळे फळ, तीच पिकेपर्यंत जीभ ओढून धरणारी तुरटी.

तिसरे उत्तर, आणि माझ्या मते खरे उत्तर, मातीचे आहे.

माँटगोमेरीहून पश्चिमेला सेल्माकडे निघालो की 'ब्लॅक बेल्ट' लागतो. १९६५ साली मतदानाच्या हक्कासाठी मार्टिन ल्यूथर किंग आणि हजारो माणसे ज्या रस्त्याने चालत आली, तोच हा रस्ता. भावाने कडेला गाडी थांबविली, मी खाली उतरून ओले ढेकूळ हातात घेतले आणि क्षणभर आपण दारव्ह्याच्या रस्त्याला आहोत असे वाटले. काळी, चिकट, पावसात बूट ओढून घेणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी. आपली काळी माती बेसॉल्टच्या दगडाची, त्यांची खडूच्या थरावरची. पण दोघींनी पिकविले ते एकच पीक, कापूस. या मातीसाठी गुलाम आणले गेले. १८६१ साली तेथे यादवी युद्ध पेटले, कापसाची निर्यात अडली, तेव्हा मँचेस्टरच्या गिरण्यांना आपल्या कापसाची आठवण झाली. मुंबईत पैशाचा पाऊस पडला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच तो बाजार कोसळला. वऱ्हाडच्या आणि अलाबामाच्या मातीचे हे नाते शाळेच्या पुस्तकात एका ओळीत संपते.

पुढे १९१० च्या सुमारास कापसाची बोंडे पोखरणारा सोंड्या किडा अलाबामात शिरला. (एंटरप्राइझ या गावी १९१९ साली लोकांनी या किड्याच्या नावाने स्मारक उभारले, कारण त्याच्यामुळे त्यांनी भुईमूग लावला आणि पैसा पाहिला. आमच्या बोंडअळीला असे भाग्य लाभण्याची चिन्हे नाहीत.) कापूस मोडला, बटाईने कसणारे काळे लोक अन्याय आणि उपासमार यांना कंटाळून शिकागोला, डेट्रॉइटला गेले. शेतांवर गवत, पाईन आणि झुडपे माजली. हरिणाला घनदाट अरण्य नको असते. त्याला हवा असतो काठ, जेथे रान संपते आणि मोकळे सुरू होते. माणसाने माघार घेतली आणि असे काठ मैलोगणती तयार झाले.

कस असलेल्या मातीत चारा सकस, आणि सकस चाऱ्यावर हरिण थोराड. समुद्राकडच्या वाळवट पाईनच्या रानात तेच हरिण अंगाने लहान भरते आणि शिंगेही बेताची. शेजारच्या मिसिसिपी राज्यात नदीच्या गाळाचा जो सपाट प्रदेश आहे, डेल्टा, तेथली हरिणे सर्वांत भारी. विल्यम फॉकनरच्या १९४२ सालच्या 'गो डाऊन, मोझेस' या पुस्तकात याच प्रदेशातल्या शिकारीची कथा आहे. तिच्यातल्या म्हाताऱ्या शिकाऱ्याचे दुःख असे की, तरुणपणी तीस मैलांवर असलेले रान आता दोनशे मैलांवर गेले. डेल्टातले रान त्यानंतरही तुटतच गेले. आता डेल्टा राष्ट्रीय वनासारखे काही तुकडे राखून ठेवले आहेत. हरिणे मात्र परत आली, हे त्या म्हाताऱ्याला कोणीतरी सांगावयास हवे होते.

मिसिसिपी राज्य विद्यापीठातल्या संशोधकांनी एक प्रयोग केला आहे. गाळाच्या मातीतली, मध्यम मातीतली आणि समुद्राकडच्या हलक्या मातीतली अशी तिन्हीकडची हरिणे आणून सर्वांना सारखाच उत्तम चारा घातला. हलक्या मातीतली हरिणे जन्मानेच खुजी असतील असे वाटावे. पण तसे निघाले नाही. तेथे जन्मलेल्या पिढ्या वाढू लागल्या. मात्र भरपूर खायला घालूनही सगळी उणीव एका पिढीत भरून निघाली नाही. ती बऱ्याच अंशी भरली दुसऱ्या पिढीत. आजीचा उपास नातवापर्यंत पोचतो! हे ऐकल्यापासून माझ्या वर्गातल्या मागच्या बाकांकडे मी वेगळ्या नजरेने पाहतो. घरातून पहिल्यानेच कॉलेजात आलेली मुले तेथे बसतात. त्यांना एका वर्षात प्रमाण मराठी येत नाही म्हणून शिक्षकांच्या खोलीत जो हताश सूर निघतो, त्याला मी हल्ली हरिणांचा दाखला देतो.

तर ब्लॅक बेल्ट चांगला. पण तेथे जाऊन बंदूक कोठे उभी करावयाची? अमेरिकेच्या कायद्यात रानातले हरिण कोणाच्या मालकीचे नाही, ते सर्व जनतेचे. आणि अलाबामातले नव्वद टक्क्यांहून अधिक रान खाजगी मालकीचे. हरिण सर्वांचे आणि ते उभे आहे ती जमीन एकाची! या एका वाक्यात त्या शिकारीचे सगळे अर्थशास्त्र आहे. सरकारी राखीव रानात परवाना काढून कोणालाही जाता येते, पण चांगली रानगावे शहरातल्या क्लबांनी वर्षाच्या खंडाने घेतलेली असतात. ज्याला जमीन नाही, खंड देण्याची ऐपत नाही, त्याला उरतो तो ओळखीचा दरवाजा.

असा एक दरवाजा आम्हांला उघडला. भावाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक वृद्ध काळे गृहस्थ विल्कॉक्स काउंटीत राहतात. वय अठ्ठ्याहत्तर. त्यांच्या आजोबांनी १९२० च्या सुमारास, बटाईच्या मिळकतीतून पै-पै राखून, साठ एकर जमीन घेतली. माझा भाऊ त्यांना 'सर'खेरीज हाक मारीत नाही आणि ते मला पहिल्या क्षणापासून 'प्रोफेसर' म्हणू लागले.

जानेवारीतल्या एका दुपारी त्यांनी आम्हांला रानात नेले. निघण्यापूर्वी त्यांनी आमचे कोट हुंगले आणि ते बाहेर दोरीवर टाकले. "तुमच्या घरात काय शिजतं ते मला आवडतं," ते म्हणाले, "पण हरिणाला ते अर्ध्या मैलावरून कळेल." भावजयीची हिंगाची फोडणी रानाला वर्ज्य ठरली. मग त्यांनी आपल्या जवळचे जुने कोट दिले आणि वर नारिंगी टोप्या घातल्या. बंदुकीच्या मोसमात असा नारिंगी रंग अंगावर असणे तेथे कायद्याने आवश्यक आहे. हरिणाला तो माणसासारखा वेगळा दिसत नाही. दुसऱ्या शिकाऱ्याला दिसतो. वारा समोरून येईल अशा बाजूने आम्ही गेलो.

रानाच्या काठाशी लाकडी खांबांवर एक खोली होती. ती पाहून मी भावाकडे पाहिले आणि तो हसला. तो आमचा माळा होता! तीच शिडी, तेच छप्पर. समोर दोन एकरांत गहू, ओट आणि क्लोव्हर पेरले होते, केवळ हरिणांनी खावे म्हणून. वडील माळ्यावर बसत ते हरिण येऊ नये म्हणून. हे बसतात ते हरिण यावे म्हणून. ते सारे मी दबक्या आवाजात सांगितले. म्हातारबुवा बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "प्रोफेसर, तुमच्या वडिलांना मी इथं बोलावलं असतं."

सूर्य झाडांमागे गेल्यावर चार माद्या बाहेर आल्या. कशा आल्या ते कळले नाही; नव्हत्या, आणि होत्या. त्यांतली एक मान वर करून आमच्याकडे पाहू लागली. दुष्यंताला अडविणारा वैखानस तपस्वी मला त्या वेळी आठवला हे खरे, पण त्याच्याइतकाच हरभऱ्याचा सपाट झालेला वाफाही आठवला. दोघांपैकी एकाचीही बाजू मला सोडवेना. बार झाला. तीन पांढऱ्या शेपट्या रानात गेल्या. म्हातारबुवांनी टोपी काढली, क्षणभर थांबले आणि मग शिडीवरून सावकाश उतरले.

पुढचे काम त्यांनी तासाभरात उरकले. अठ्ठेचाळीस तासांच्या आत सरकारला कळवावे लागते, ते त्यांनी तेथूनच फोनवर कळविले. रोगासाठी तपासणीही करवून घेतली. हरिणांना मेंदूचा एक असाध्य रोग होतो. तो मिसिसिपीत २०१८ साली आणि अलाबामात २०२२ साली आढळला; बाहेरच्या राज्यातून हरिणाचा मेंदू किंवा कणा आणू देत नाहीत. तपासणीचा निकाल आल्यावर मांसाचे वाटे घातले. आपल्याकडे गावात बोकड कापला की घालतात तसेच : एक शेजारच्या विधवेला, एक चर्चच्या स्वयंपाकघराला, एक भाच्याला, एक आम्हांला. भावजयीने त्याचा वऱ्हाडी रस्सा केला, हिंग घालून.

त्या दिवशी चुलीपाशी बसल्यावर म्हातारबुवांनी जमिनीचे सांगितले. आजोबांनी मृत्युपत्र केले नाही; वडिलांनीही नाही. काळ्या कुटुंबांचा कोर्टावर विश्वास नव्हता, आणि तसा नसण्याला कारणेही होती. आता त्या साठ एकरांचे चौदा वारस आहेत. कोणी शिकागोत, कोणी डेट्रॉइटमध्ये. काहींनी ही जमीन पाहिलेलीही नाही. कर हे एकटे भरतात. अशा जमिनीत बाहेरचा माणूस एखाद्या वारसाचा हिस्सा स्वस्तात घेतो आणि वाटणीसाठी कोर्टात जातो. मग सबंध जमीन लिलावात निघते. दक्षिणेतील काळ्या कुटुंबांची पुष्कळ जमीन अशी गेली. अलाबामाने २०१४ साली कायदा करून इतर वारसांना तो हिस्सा ठरलेल्या किमतीत विकत घेण्याची पहिली संधी दिली आहे. पण त्यासाठी हाती पैसा हवा. यांच्या एका पुतण्याला तशी मागणी येऊन गेली होती. चौफेर शिकारीचे खंड वाढले आहेत, आणि मधले हे साठ एकर, ओढ्याचे, ओकांचे आणि काळ्या मातीचे, सर्वांच्या डोळ्यांत आहेत.

"तुमच्याकडे असं होतं का?" त्यांनी विचारले. मी त्यांना आमच्या सातबाऱ्याबद्दल सांगितले. त्या कागदावर सतरा नावे आहेत आणि दोघे काका एकमेकांशी बोलत नाहीत. ते मनापासून हसले. त्या साठ एकरांत मला परके वाटेनासे झाले ते त्या क्षणी.

कोणी मला आता विचारले की अमेरिकेच्या दक्षिणेत हरिणाची चांगली शिकार कोठे मिळते, तर मी सांगतो : माती काळी पाहा, ओक पांढरा पाहा, वारा समोरून घ्या, आणि हे सगळे जमले तरी जमिनीचा धनी कोण आहे ते आधी पाहा. तेथले प्रत्येक चांगले रान म्हणजे कोणाच्या तरी हातून सुटलेली किंवा कोणीतरी दात-ओठ खाऊन राखलेली जमीन आहे. हरिणांना ते ठाऊक नसते. ती दोन्हीकडचा गहू सारख्याच चवीने खातात.

म्हातारबुवांनी सर्व वारसांना पत्रे लिहून जमीन एका कौटुंबिक ट्रस्टकडे देण्याचा घाट घातला आहे. आषाढात भावाचा फोन आला तेव्हा मी हरिणांआधी तेच विचारले. चौदांपैकी अकरा सह्या आल्या आहेत. बाराव्या सहीसाठी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा तो माणूस स्वतः बसने डेट्रॉइटला जाणार आहे, आणि जाताना डब्यात सुकविलेले हरिणाचे मांस नेणार आहे. भाचीने लहानपणी ते एकदा खाल्ले होते, तिला आठवेल म्हणतो.